पाण्यासाठी दिवे घालवणारे साहेब

मी नोकरीवर हजर झाले, त्या दिवशी माझे साहेब शिवाजी पेठेत भर रस्त्यात आडवे पडले होते आणि एक गृहस्थ त्यांच्या नाकाला चप्पल लावत होते.

कचेरीतल्या शिपायानं सांगितलं होतं, "साहेब साइटवर हायत. तिकडंच जावा, हितं बसून त्यांची गाठ पडायची न्हाई." नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. शहराच्या पाणीपुरवठा विभागात बाई इंजिनिअर म्हटलं की लोक अजून वळून बघायचे. इस्त्रीची साडी नेसून, हजर होण्याचा अर्ज हातात धरून मी पत्ता विचारत गेले, तर गल्लीच्या तोंडाशी ही गर्दी. मधोमध पन्नाशीकडे झुकलेला, अंगानं दांडगा माणूस कुशीवर पडलेला. डोळे मिटलेले. हातभर लांबीची लोखंडी सळई रस्त्याला टेकवून तिच्या दुसऱ्या टोकाला त्यानं कान लावला होता. फिट आलीय असं समजून कुणी कांदा मागत होतं. कुणी म्हणत होतं, कांद्यानं काय होतंय, चामड्याची चप्पल हुंगवा.

चप्पल अगदी नाकाशी आल्यावर त्या माणसानं डोळे न उघडताच सांगितलं, "जरा गप बसा की सगळी. खाली पाणी बोलायलंय."

जमिनीतला पाइप फुटला असेल तर पाण्याची सळसळ सळईतून कानाला लागते, हे मी शिकले होते. पण शिकवणाऱ्यांनी रस्त्यावर झोपायला सांगितलं नव्हतं. साहेब उठले, बोट दाखवून म्हणाले, "हितं खणा." माणसांनी खणलं. तिथं काहीच नव्हतं. शेजारच्या घरात पिठाची गिरणी चालू होती, तिची घरघर साहेबांनी पाणी म्हणून ऐकली होती. दुसरा कुणी शरमला असता. साहेब म्हणाले, "गिरणी हाय व्हय. बरं झालं कळलं." मग माझ्या हातातला अर्ज घेतला, त्यानं हाताचा चिखल पुसला आणि म्हणाले, "झालासा हजर. चला."

तेव्हापासून पुढची बरीच वर्षं मी त्यांच्यामागून चालत होते, आणि एवढ्या वर्षांत असा एक आठवडा गेला नाही की ही नोकरी सोडावी असं मला वाटलं नाही.

साहेबांचं गाव कर्नाटकाच्या हद्दीला लागून. घरात कानडी, कचेरीत मराठी, भांडताना दोन्ही. कानडीत 'याक' म्हणजे 'का'. हा शब्द त्यांनी आमच्या सगळ्यांच्या डोक्यात खिळ्यासारखा ठोकून ठेवला होता.

"साहेब, त्या भागाला पाणी संध्याकाळचं सोडतात."

"याक?"

"पहिल्यापासून तसंच आहे."

"पहिल्यापासून तरी याक?"

 मग याचं उत्तर शोधायला आम्हाला उन्हातान्हातून हिंडायला लागायचं. रविवारी आम्ही घरची माणसं जेवायला बसलो की हे दारात उभे, कुठल्या तरी टाकीच्या पाइपाला वळण कशासाठी दिलं असेल ते विचारायला. माझ्या सासूबाई एकदा ताट बाजूला सारून म्हणाल्या, "तुझा साहेब माणूस हाय का पंप? बंदच हुईना झालाय."

मी मूळची राधानगरीकडची. आमच्याकडे पावसाळ्यात घराच्या भिंतीसुद्धा पाझरतात. पाण्यावरून माणसं भांडतात, हे मला कोल्हापुरात नांदायला आल्यावर कळलं, आणि नदी उशाला असताना कशी भांडतात ते साहेबांनी समजावलं. म्हणाले, "पंगतीत वाढपी एकाच टोकापासनं वाढायला लागला की शेवटच्याला बुंदी मिळत न्हाई. नदीत पाणी किती हाय त्याला कोण इचारतंय? वाढायचं कुठनं, ते बघाय पायजे." हे पटण्यासारखं होतं. त्यांचं सगळंच पटण्यासारखं असायचं. ते अमलात आणताना मात्र आमचा जीव जायचा.

आता ते शिट्टीचं प्रकरण. पाणी कधी येईल याची वाट बघत बायकांनी नळापाशी ताटकळावं, हे साहेबांना मंजूर नव्हतं. त्यांनी फर्मान काढलं की चावीवाल्यानं, म्हणजे रस्त्यातला व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडणाऱ्या माणसानं, आधी गल्लीत शिट्टी मारायची. कल्पना चांगली. फक्त साहेबांनी शिट्ट्या आणल्या त्या रेफ्रीच्या, आणि पहिल्यांदा ज्या भागात हे सुरू केलं तो मैदानाला लागून. दोन तालमींची फुटबॉलची मॅच रंगात आली होती, एक खेळाडू चेंडू घेऊन मोकळ्या गोलपाशी पोचला होता, आणि आमच्या चावीवाल्यानं शिट्टी फुंकली. खेळाडू थांबला. सगळेच थांबले. गोलकीपरनं चेंडू उचलला. त्यानंतर दोन्ही तालमींची माणसं आयुष्यात पहिल्यांदा एकाच बाजूनं भांडायला निघाली, ती थेट चावीवाल्याच्या मागे.

माफी मागायला मला पाठवलं. "बाई गेल्यावर मारायची न्हाईत," हे साहेबांचं कारण. ते स्वतः म्हणत होते, "मॅचची वेळ बदलायला सांगा त्यास्नी." शेवटी शिट्टी गेली आणि पितळी थाळी आली. थाळी वाजली की पाणी आलं, ही पद्धत त्या भागात पुढे बरीच वर्षं टिकली, हे मला कबूल करायला हवं.

दुसरी खोड पाणी पिण्याची. तक्रार आलेल्या घरी गेलं की साहेब आधी नळाचं पाणी मागायचे. माठातलं नको, गाळलेलं नको, नळाचंच. स्वतः पेला संपवायचे आणि दुसरा माझ्यापुढे धरायचे. "लोकं पित्यात ते आमी पिणार न्हाई तर कळायचं कसं?" त्यांचं पोट बहुतेक बिडाचं होतं. माझं नव्हतं. एका उन्हाळ्यात मला गॅस्ट्रो झाला आणि हाताला सलाइन लावून मी दवाखान्यात पडले.

साहेब बघायला आले. नारळपाणी नाही, मोसंबी नाही. काखेत पाइपलाइनचा नकाशा. तो त्यांनी माझ्या पांघरुणावर पसरला आणि म्हणाले, "परवापासनं कुठकुठल्या घरात पाणी पिलासा, सांगा."

माझ्या नवऱ्यानं कपाळाला हात लावला. "साहेब, तिला धड बोलता येत नाही."

"बोटानं दावू दे."

मी बोट फिरवलं. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली की तीही त्याच बोळातली, आणि तिच्या पलीकडचा म्हाताराही. साहेबांचा चेहरा असा उजळला की नर्सनं दचकून बघितलं. संध्याकाळच्या आत त्यांनी तो बोळ उकरला. गटाराला चिकटून गेलेला पाइप कुजला होता आणि गटाराचं पाणी आत ओढलं जात होतं. दुसऱ्या दिवशी परत आले आणि माझ्या उशाशी उभं राहून म्हणाले, "बाई, तुमी आजारी पडलासा ते लई ब्येस झालं." त्यांना खरंच आनंद झाला होता. त्या बोळातली आजारी माणसं वाढायची थांबली, हेही खरं. पण त्या वाक्याबद्दल माझ्या नवऱ्यानं त्यांना कधीही क्षमा केली नाही.

त्यांच्या बायकोचं, आमच्या काकूंचं, काय होत असेल, हा प्रश्न मला पडायचा. ते एकदा कचेरीतच कळलं. वाढपी उलट्या टोकापासून चालवायचा म्हणून साहेबांनी आपल्या वॉर्डातले व्हॉल्व्ह फिरवण्याचा क्रम उलटा केला होता. शेवटच्या गल्ल्यांना पाणी आधी, आणि पहिल्या गल्लीला, जिथं त्यांचं स्वतःचं घर, सगळ्यांत शेवटी. एके सकाळी काकू रिकामी घागर घेऊन तक्रारीच्या खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. चारचौघांसारख्या रांगेत. साहेब त्या वेळी खिडकीच्या आत बसले होते.

"नाव?" साहेबांनी विचारलं.

काकूंनी त्यांच्याकडे टक लावून बघितलं. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि तक्रार घरमालकाच्या नावानं नोंदवतात. मागची रांग हसायला लागली.

"तक्रार काय हाय?"

"घरात पाणी न्हाई. घरचा माणूस पाण्याच्या हापिसात हाय, म्हणून न्हाई."

साहेबांनी गंभीरपणे नोंद केली. "नंबरानं माणूस येईल."

काकू म्हणाल्या, "साकु री." म्हणजे पुरे करा आता. आणि घागर त्यांच्या टेबलावर ठेवून निघून गेल्या. ती घागर दिवसभर तिथंच होती. संध्याकाळी साहेब ती कचेरीच्या नळावर भरायला निघाले, मग थबकले, सरकारी पाणी घरी न्यायचं नाही म्हणून रिकामीच खांद्यावर टाकून पायी घरी गेले.

आणि आता ज्या गोष्टीमुळे साऱ्या पेठेत त्यांचं नाव झालं, ती.

पेठेच्या चढावर एक गल्ली होती. पाइपाचं शेवटचं टोक. खालच्या गल्लीतल्या घरांनी नळाला विजेच्या मोटरी जोडलेल्या. पाणी आलं की मोटर चालू करायची आणि पाइपातलं पाणी ओढून घ्यायचं. चढावर पोचायची ती नुसती हवा. नळ सोडला की फुस्स. मोटर लावणं नियमात बसत नव्हतं, म्हणून आम्ही छापे घालायचो. बाई असल्यामुळं मला न्हाणीघरापर्यंत जाता यायचं, तेवढ्यासाठी साहेब मला पुढे करायचे. लोकांनी मोटरी बादलीखाली लपवल्या, लाकडं रचून त्यामागे लपवल्या. एका घरात तर कोंबड्यांच्या खुराड्यात होती.

"कसला आवाज येतोय?" मी विचारलं.

"कोंबडी खुडूक हाय," घरधनीण म्हणाली.

एक मोटर उचलली की आठवड्यात दुसरी बसायची. खालच्या गल्लीत मोठी मोटर होती ती गुळाच्या एका व्यापाऱ्याची. सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णा साहेबांच्या नात्यातले, एकाच जातीतले, एकमेकांच्या लग्नाकार्याला जाणारे. छाप्याला गेलो की अण्णा आम्हाला बसायला पाट द्यायचे आणि साहेबांना कानडीत सांगायचे की घरात माणसं पुष्कळ आहेत. साहेब कानडीतच सांगायचे की वरही माणसंच आहेत.

चढावरच्या गल्लीत शालनवहिनी राहायच्या. विधवा बाई. पैलवान आणि कॉलेजची पोरं यांच्यासाठी खानावळ चालवायच्या. पाण्यावाचून ती बंद पडली होती. त्यातच त्यांच्या मुलाचं लग्न झालं. सून रूपाली मलकापूरची. नव्या नवरीच्या डोक्यावर घागर बसली ती उतरेना. काही महिन्यांनी एका सकाळी तिनं घागर उंबऱ्यावर ठेवली, पिशवी भरली आणि माहेरी गेली. जाताना म्हणाली, "आमच्या मागल्या दारी हीर हाय. मी काय हितं घागरीसंगं लगीन केलंय व्हय?"

शालनवहिनी रडत कचेरीत आल्या. आम्हाला वाटलं, साहेब दोन सांत्वनाचे शब्द बोलतील. साहेब म्हणाले, "ह्याला म्हणायचं खरी तक्रार." आणि मला जीपमध्ये घालून मलकापूरला निघाले.

रूपालीच्या वडिलांना वाटलं, जावयाकडून मध्यस्थ आलेत. त्यांनी अंगणात खाट टाकली. साहेब बसले नाहीत. त्यांनी रबरी नळी मागितली, तिला मध्येमध्ये भोकं पाडली, एक टोक बादलीत आणि दुसरं पायरीवर धरून, चढावर पाणी का चढत नाही ते साऱ्या घराला दाखवलं. वडील हळूच मला म्हणाले, "पावणं बरं हायत न्हवं?" मी मान खाली घातली.

रूपाली दारात उभी राहून सगळं बघत होती. म्हणाली, "साहेब, तुमी नळीला भोकं पाडलीसा ते समजलं. माझ्या सासूच्या नळाला पाणी कवा येणार, तेवढं सांगा."

दुसऱ्या कुणीही लवकरच येईल म्हटलं असतं. साहेब म्हणाले, "ते सांगता येत न्हाई."

"मग मी कवा येणार, तेबी सांगता येत न्हाई."

परतताना वाटेत एका ओढ्याकाठी चहाला थांबलो. ते भारनियमनाचे दिवस होते. वीज कमी, म्हणून रोज ठरलेल्या वेळी भागाभागाची लाइट घालवायचे. आम्ही चहा पीत असताना लाइट गेली. वरच्या अंगाला ओढ्यात सोडलेल्या शेतकऱ्यांच्या मोटरी एकेक करत गप झाल्या, आणि थोड्या वेळानं आमच्या पायापाशी ठिबकणारा ओढा चांगला वाहायला लागला. साहेबांनी कपबशी तशीच खाली ठेवली. मला त्यांचा चेहरा बघूनच धडकी भरली.

"बाई, पाणी सोडायच्या टायमाला लाइटच घालवली तर?"

मी म्हणाले, "साहेब, लोक मारतील."

"मारू देत की. पण मोटर कशी चालवतील?"

दुसऱ्या दिवसापासून साहेब वीज कचेरीच्या दारात डबा घेऊन बसायला लागले. तिथले अधिकारी त्यांना म्हणाले, "माझ्याकडं रोज माणसं येतात ती लाइट घालवू नका म्हणून. घालवा म्हणणारे तुम्ही पहिलेच." साहेबांनी त्यांना नळीचा प्रयोग करून दाखवला. टेबलावर. त्यांची कागदपत्रं भिजली. शेवटी ते अधिकारी म्हणाले की लाइट तर घालवायचीच आहे, आज नाही तर उद्या, सकाळी नाही तर दुपारी. ती पाण्याच्या वेळेला घालवली तर आमचं काय जातंय. मला वाटतं, साहेब पुन्हा येऊ नयेत एवढ्यासाठी त्यांनी होकार दिला.

पहिल्या सकाळी मी चढावरच्या गल्लीत उभी होते, साहेब खालच्या. उजाडताना थाळी वाजली आणि खालच्या गल्लीतले दिवे गेले. पंखे थांबले, कुणाचा तरी मिक्सर थांबला, मोटरी थांबल्या. खालून आरडाओरडा ऐकू यायला लागला. वर शालनवहिनींनी नळ सोडून ठेवला होता. आधी फुस्स झालं. नेहमीसारखंच. मग नळ खोकल्यासारखा हलला, थोडं गढूळ पाणी आलं आणि मग मनगटाएवढी धार. शालनवहिनी तिच्याकडे बघत राहिल्या. घागर लावायचंही त्यांना सुचेना. शेजारणी आपापल्या दारात आल्या, आणि कुणीतरी म्हणालं, "आगं भरा की, बघताय काय."

खाली साहेबांच्या सदऱ्याची एक बाही फाटली होती.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले, ते मलाच ठाऊक. गिरणीवाला म्हणायचा दळण पडून राहतंय. परीक्षेची पोरं म्हणायची अभ्यास कसा करायचा. एका म्हाताऱ्या बाईनं रस्त्यात माझा हात धरून विचारलं, "तुला पोरंबाळं हायत का न्हाईत?" खालच्या गल्लीनं भर दिवसा कंदील पेटवून कचेरीवर मोर्चा आणला. पुढे अण्णा. ते घोषणा देत नव्हते. साहेबांसमोर उभे राहून एवढंच म्हणाले, "आपलीच माणसं आपल्या घरात अंधार करायला लागल्यावर बोलायचं कुणाला?" त्यानंतर त्यांच्या घरच्या कार्यांची बोलावणी थांबली. काकूंना ते फार लागलं.  साहेब अण्णांच्या घरावरून जाताना मान वळवून पलीकडच्या गटाराकडे बघायचे, जणू तिथं काही काम निघालंय.

आमच्या वरच्या साहेबांनी मला एकटीला बोलावून विचारलं, "खरं सांगा, हे चालू ठेवायचं का बंद करायचं?"

माझ्या जिभेवर 'बंद करा' होतं. मला झोप हवी होती, रविवार हवा होता. पण मी चढावरची धार बघितली होती. मी म्हणाले, "साहेब, वैताग आहे. पण पाणी चढतंय."

ते चालू राहिलं.

शालनवहिनींच्या खानावळीची चूल पुन्हा पेटली. आणि एके दिवशी दुपारच्या एसटीनं रूपाली आली. घरात शिरायच्या आधी तिनं नळ सोडून बघितला म्हणे. साहेबांना कळलं तेव्हा ते आनंदले वगैरे नाहीत. त्यांनी तिला मापच करून टाकलं. रोज सकाळी चढावर जायचं आणि दारातून विचारायचं, "सून हाय का अजून?" पाण्याच्या दाबाचं दुसरं कुठलंही माप त्यांना विश्वासाचं वाटेना.

रूपाली आतून म्हणायची, "हाय की. तुमी असं रोज इचारलासा तर मातूर जाईन."

साहेब निवृत्त झाले, त्यांच्या खुर्चीवर मी बसले. मला वाटलं, सुटले. आणि मग काही काळानं भारनियमन संपलं. शहरात लोकांनी पेढे वाटले. खालच्या गल्लीत त्या दिवशी माळा सोडल्या होत्या. त्या आनंदात अख्ख्या कोल्हापुरात एकच माणूस सुतकात बसल्यासारखा बसला होता. मी घरी गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "सकाळपासनं जेवले न्हाईत. लाइट जाईना म्हणून."

आठवड्याभरात खालच्या मोटरी परत चालू झाल्या. चढावर परत फुस्स. साहेब कचेरीत येऊन माझ्यासमोर बसले आणि रोज एकेक उपाय सांगू लागले. चढासाठी वेगळा पाइप टाका. खाली लहान तोंडाचे नळ बसवा. वीज कचेरीला सांगून मुद्दाम लाइट घालवा. मी म्हणायची, वेगळ्या पाइपाला वेळ लागेल, बाकीचं होणार नाही. ते म्हणायचे, "याक?" मी एकदा ओरडलेसुद्धा त्यांच्यावर. ते उठून गेले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले.

त्याच आठवड्यात एका सकाळी शालनवहिनींचा निरोप आला की लवकर या, पोरी खाली गेल्यात. मला वाटलं मारामारी. साहेबांना कुठून कळलं देव जाणे. मी पोचले तेव्हा ते आधीच तिथं होते.

चढावरच्या साऱ्या बायका रिकाम्या घागरी घेऊन खालच्या गल्लीत उतरल्या होत्या. पुढे रूपाली. पाण्याची वेळ झाली होती. जिथं मोटरीची घरघर ऐकू येईल त्या दारात दोघीतिघी उभ्या राहात होत्या. शिव्या नाहीत, ओरडा नाही. रूपाली अण्णांच्या दारात होती. अण्णा बाहेर आले.

"काय पायजे?"

"पाणी न्यायला आलोय, अण्णा. आमच्या वाटणीचं तुमच्या हौदात आलंय, ते तिथनंच भरून नेतो. रोज येतो. तुमची मोटर चालू हाय तवर आमास्नी नळाची गरज न्हाई."

अण्णांनी घागरींकडे बघितलं, मागच्या बायकांकडे बघितलं. आतून त्यांची म्हातारी आई म्हणाली, "भरू द्या की त्यास्नी, न्हाईतर ते यंत्र तरी बंद करा." रूपाली आत गेली, घागर भरली, कमरेवर घेऊन चढ चढली आणि दुसरी घ्यायला परत आली. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा मोटर बंद होती. अण्णा ओट्यावर बसून तिच्याकडे न बघता म्हणाले, "जा वर. आलं आसंल."

साहेबांना हे अजिबात पसंत पडलं नाही. ते गर्दीतून पुढे झाले आणि रूपालीला समजवायला लागले की ही पद्धत चुकीची, वेगळ्या पाइपासाठी लेखी अर्ज करा, दाबाचा हिशेब मांडा. तिनं शेजारच्या घरातून खुर्ची मागवली.

"साहेब, तुमी बसा. लई दगदग केलीसा आमच्यापायी. आता आमी बघतो."

ते बसले. एवढ्या वर्षांत कामाच्या जागी त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा बघत होते. परत जाताना वाटेत म्हणाले, "बाई, हे टिकायचं न्हाई. ह्यात इंजिनिअरिंग कुठं हाय?"

ते टिकलं. वेगळा पाइप पडेपर्यंत टिकलं. बायका आळीपाळीनं खाली जाऊन उभ्या राहायच्या, आणि पुढे पुढे तर नुसत्या उतरताना दिसल्या तरी मोटरी बंद व्हायच्या. साहेब दर आठवड्याला चढावर जायचे, ते मोडलं का ते बघायला. मोडलेलं नसायचं. मग ते शालनवहिनींच्या खानावळीत बसून, हे कसं चुकीचं आहे ते रूपालीला पुन्हा पहिल्यापासून समजावायचे, आणि तिनं वाढलेली दुसरी भाकरीही संपवून, रागारागानंच घरी जायचे.